काचेचं आतडं आणि हिरव्या कॅप्सूल

माझ्या कामाबद्दल जेवणाच्या टेबलावर बोलायचं नाही, हा नियम माझ्या नवऱ्याने मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात केला. सुधीर आयटीत. त्याच्या कामाबद्दल टेबलावर कितीही बोललं तरी चालायचं, कारण ते कुणाला कळायचंच नाही. माझं मात्र सगळ्यांना लगेच कळायचं, हीच पंचाईत होती. मी माणसाच्या विष्ठेवर काम करायचे.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातली आमची मराठी मंडळी तेव्हा बहुतेक सॉफ्टवेअरमधली. कुणी विचारलं, "वहिनी काय करतात?" की सुधीर घाईघाईने "फूड सायन्समध्ये आहे" एवढं सांगून कोशिंबिरीचं भांडं पुढे सरकवायचा. ते काही खोटं नव्हतं. अन्नाचं शेवटी काय होतं, हेही फूड सायन्सच. आता मी निवृत्त झाले आहे आणि टेबलावरचा नियमही सैल झाला आहे. तुम्ही हा अंक फराळाचं ताट पुढ्यात घेऊन वाचत असाल, तर मात्र ताट जरा बाजूला ठेवा.

पुण्यात मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवत होते. इथे आल्यावर शिकवायची नोकरी मिळेना, तेव्हा एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले. दोन हजारचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आतड्यातल्या जंतूंचा विषय अजून फॅशनमध्ये आला नव्हता. सुपरमार्केटात जंतू घातलेल्या दह्याच्या छोट्या बाटल्या दिसू लागल्या होत्या, तेवढीच त्याची प्रसिद्धी. लॅबच्या प्रमुख हेलन नावाच्या बाई होत्या. उंच, शांत, सदैव सायकलवर. पहिल्या दिवशी त्यांनी मला तळमजल्यावरच्या एका खोलीत नेलं आणि म्हणाल्या, "हे तुझं. याला कधी उपाशी ठेवायचं नाही, कधी गार होऊ द्यायचं नाही आणि कधी हवा लागू द्यायची नाही."

ते होतं काचेचं आतडं. तीन काचेची भांडी एकापुढे एक, नळ्यांनी जोडलेली. माणसाच्या मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग, मधला आणि शेवटचा. भांड्यांना दुहेरी भिंत, तिच्यातून अंगाइतकं कोमट पाणी सतत फिरायचं. पहिल्या भांड्यात आंबटपणा जास्त, शेवटच्यात कमी, कारण आपल्या पोटातही तसंच असतं. आत नायट्रोजनचे बुडबुडे सोडायचे. आपल्याला ज्या हवेने जीव येतो, त्याच हवेने आतड्यातले बहुतेक जंतू मरतात. या भांड्यांत माणसाची ताजी विष्ठा कालवून घालायची, रोज पातळ केलेलं 'जेवण' नळीने थेंबथेंब द्यायचं आणि जंतू स्थिरावले की जो पदार्थ तपासायचा असेल तो त्या जेवणात मिसळायचा. मग कुठले जंतू वाढले, कुठले कमी झाले, त्यांनी काय तयार केलं, ते मोजायचं. माणसाला न खाऊ घालता माणसाच्या आतड्याला खाऊ घालण्याची ही युक्ती.

विष्ठा ताजी लागायची, म्हणून दाते लागायचे. आमचा सर्वांत आवडता दाता ग्रॅहम, विद्यापीठाच्या बागेतला माळी. रोज सकाळी ओट्सची लापशी खाणारा, औषधाच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा. त्याचे जंतू काचेत असे रुजायचे की हेलन त्याला "आमचा राजा" म्हणायच्या. एका हिवाळ्यात त्याला छातीचा संसर्ग झाला, आतड्यातल्या जंतूंनाही मारणारं अँटिबायोटिक घ्यावं लागलं आणि नियमाप्रमाणे आम्ही त्याचे नमुने घेणं कित्येक महिने बंद केलं. तो दारात उभा राहून मला म्हणाला, "म्हणजे मी आता कशाच्याच कामाचा नाही?" त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मी त्याला चहा दिला. आणखी काय देणार?

दशकाच्या मध्यावर आमच्याकडे क्लोरेला आली. क्लोरेला म्हणजे एक शेवाळ, पण डबक्यावर तवंग धरतं तसलं नव्हे. एकेक पेशी सुटी, सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या मोहरीसारखी दिसणारी. ती टाक्यांमध्ये वाढवतात, वाळवतात, तिची चिवट भिंत फोडतात आणि गडद हिरवी पूड करून विकतात. हेल्थ फूडच्या दुकानांत तिचे डबे आधीपासून होतेच. ती विकणाऱ्या एका कंपनीला जाणून घ्यायचं होतं, की हिच्यामुळे मधुमेह्यांची साखर आटोक्यात येते का. अंदाज असा होता: शेवाळाच्या पेशीची भिंत आपल्याला पचत नाही, ती मोठ्या आतड्यापर्यंत तशीच पोचते. तिथले जंतू ती खातात आणि काही आम्लं तयार करतात. ती आम्लं रक्तात गेली की शरीराला साखर आवरायला मदत होत असावी. 'असावी' हा शब्द हेलन प्रत्येक मीटिंगमध्ये ठासून म्हणायच्या. कंपनीचे लोक तो शब्द लिहून घेत नसत.

क्लोरेलाने पहिल्याच आठवड्यात मला रविवारी सकाळी लॅबमध्ये धावायला लावलं. तिच्यात प्रथिनं भरपूर, त्यामुळे नायट्रोजनच्या बुडबुड्यांनी दुधासारखा फेस चढला. फेसाने वायू बाहेर जायची नळी बुजली आणि पहिल्या भांड्याचं झाकण उडालं. मी दार उघडलं तेव्हा छताला, भिंतीला, घड्याळाच्या काचेला हिरवा-तपकिरी शिडकावा होता आणि वास... त्याबद्दल लिहीत नाही. सगळं पुसून, ग्रॅहमला फोन करून पुन्हा पहिल्यापासून आतडं उभं केलं. घरी आल्यावर सुधीरने मला मागच्या दाराने आत घेतलं.

पण नंतर मात्र आकडे छान यायला लागले. जंतू मोजायची तेव्हाची आमची रीत म्हणजे त्यांना चमकणारा रंग चिकटवायचा आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजत बसायचं. काळ्या आभाळात चांदण्या मोजाव्यात तसं. शेवाळ घातलेल्या भांड्यांत चांगल्या जंतूंच्या चांदण्या खरोखर वाढल्या होत्या. आम्लंही वाढली होती. मी आनंदाने हेलनना दाखवलं. त्या म्हणाल्या, "काचेला मधुमेह होत नाही, नीलिमा. आता माणसं शोध."

माणसांवरच्या चाचणीचा नियम साधा आहे, पण बाहेरच्या लोकांना तो नेहमी दुष्टपणाचा वाटतो. निम्म्यांना शेवाळाच्या कॅप्सूल द्यायच्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण आत काहीच कामाचं नसलेल्या. आमच्या या 'पोकळ' कॅप्सुलांत लाकडाच्या लगद्यापासून केलेली शुद्ध पूड होती. ती पचत नाही, काही करत नाही, जशी जाते तशी बाहेर येते. कुणाला काय मिळालं हे ना त्या माणसाला माहीत, ना डॉक्टरला, ना मला. कुणाला काय याची यादी, म्हणजे कोड, हॉस्पिटलच्या औषधविभागात बंद. आशा माणसाला काय काय करायला लावते ते वजा करायचं, तर हाच एक मार्ग आहे.

आशियाई मधुमेही पुरेसे मिळेनात, म्हणून हेलननी मला आपल्या लोकांत पाठवलं. मी मंडळांच्या कार्यक्रमांना गेले, वेम्बलीच्या देवळात पत्रकं वाटली. पहिला प्रश्न हमखास एकच: "कॅप्सूल व्हेज आहे ना?" होती, त्याची आम्ही आधीच काळजी घेतली होती. दुसरा प्रश्न: "सॅम्पल म्हणजे कसलं सॅम्पल?" त्याचं उत्तर ऐकून बहुतेक जण चहा आणायला जात.

स्लाऊच्या एका बौद्ध विहारात मात्र एक गृहस्थ उत्तर ऐकूनही जागेवरून हलले नाहीत. भालेराव काका. मूळचे नागपूरचे, तरुणपणी इथे आले, स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या कारखान्यात लेथवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. ताठ अंगाचे, पांढरा शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन. विहारात रविवारी मुलांना गणित शिकवायचे.

"पोकळ कॅप्सूल कुणाला, हे तुम्हालाही माहीत नसणार?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग ठीक आहे. मी येतो. कुणीतरी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासून बघायचं, हे आम्ही इथे दर रविवारी बोलतो. बोलून किती दिवस भागवायचं?"

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, सुमनताई, म्हणाल्या, "यांना तं कोणी कामावर बोलावलं की झालं. रिटायर झाल्यापासून कोणी बोलावत नाही ना."

असे ते आले. दर महिन्याला सकाळी उपाशीपोटी, स्लाऊहून ट्रेनने, हातात आम्ही दिलेली बर्फाची निळी पिशवी. एकदा समोरच्या बाईने विचारलं म्हणे, "पिकनिक का?" काका म्हणाले, "नाही, मुलाखत." आमच्याकडे तपासायला डॉक्टर ओकॉनर म्हणून एक आयरिश गृहस्थ यायचे. ते रक्त घ्यायचे, मी निळी पिशवी घ्यायचे, मग काकांना चहा आणि टोस्ट. जाताना ते काचेच्या आतड्याच्या खोलीत डोकावून जायचे. लेथवाल्या माणसाला यंत्राचं कौतुक. पंपाचा आवाज ऐकून म्हणायचे, "याचं बेअरिंग जाणार आहे." ते गेलं नाही. पण मी नवीन मागवून ठेवलं.

दुसऱ्या महिन्यात काकांची साखर उतरली. तिसऱ्यात आणखी. ते घरी स्वतःही बोट टोचून बघत आणि मला फोन करत. "नीलिमा, आज तर माझ्या तरुणपणातला आकडा आहे!" आम्ही त्यांना बजावलं होतं, की खाणंपिणं, व्यायाम, औषधं यांत काहीही बदल करू नका. दर भेटीत डॉक्टर विचारत, "नवीन औषध काही?" काका म्हणत, "नो, डॉक्टर." सुमनताईंनी फोनवर सांगितलं, की आता त्यांचं जेवणही आवरतं झालं आहे, दोन पोळ्यांवर उठतात, गोडाकडे बघत नाहीत. मलाही बरं वाटलं. काकांना कुठली कॅप्सूल आहे हे मला माहीत नव्हतं, पण मनात मी त्यांना केव्हाच हिरव्या बाजूला टाकून मोकळी झाले होते. अंधाऱ्या खोलीत मी मोजलेल्या त्या चांदण्या कुणाच्या तरी पोटात उगवल्या आहेत, ही कल्पना फार सुखाची होती.

काका विहारात बोलले. नुसते बोलले नाहीत, उभं राहून सांगितलं, की हे शेवाळ म्हणजे नवी गोष्ट आहे, माझ्यावर प्रयोग चालू आहे आणि माझे आकडे बघा. माणूस खोटं न बोलणारा, गणिताचा. लोकांनी स्लाऊच्या हाय स्ट्रीटवरून, ईलिंग रोडवरून हिरवे डबे आणले. हे मला नंतर कळलं.

फेब्रुवारीतल्या भेटीला काका आले तेव्हा बाहेर बर्फाळ वारा होता आणि त्यांच्या कपाळावर घाम. मी पिशवी घेतली. ते खुर्चीत बसले, माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाले, "मशीन बंद कर. पट्टा सरकतोय."

"कुठलं मशीन, काका?"

"बंद कर म्हणतो ना! हात जाईल कुणाचा तरी."

इतक्या महिन्यांत त्या माणसाने माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मी ओकॉनरना हाक मारली. त्यांनी बोट टोचलं, आकडा बघितला आणि मला नुसतं म्हणाले, "ज्यूस." साखर इतकी खाली गेली होती, की मेंदूला पुरत नव्हती. आम्ही दोघांनी मिळून संत्र्याचा रस घोटघोट पाजला. थोड्या वेळाने काकांचे डोळे जागेवर आले. त्यांना झालेलं काहीच आठवत नव्हतं. शर्ट ओला झालेला बघून ते लाजले.

ओकॉनरनी विचारलं, "आज उपाशी असताना मधुमेहाची गोळी घेतलीत का?"

"नाही डॉक्टर. तुम्ही सांगितलंय, भेटीच्या दिवशी घ्यायची नाही. मी घेतली नाही."

मी म्हणाले, "बघा, गोळीशिवाय इतकी खाली." माझ्या आवाजात थोडा आनंद होता, हे मला आठवतं.

ओकॉनर हसले नाहीत. ते खाली वाकले आणि काकांचा मोजा उतरवला. मोज्याचा वळ घोट्यावर खोल उमटला होता. पाय सुजलेले. "बूट घट्ट होतात हल्ली," काका म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, थकवा? हो, थोडा. भूक? कमी, पण ते चांगलंच ना? मळमळ? सकाळी जरा.

त्यांनी रक्ताची आणखी एक नळी घेतली आणि स्वतःच्या गाडीतून काकांना हॉस्पिटलमध्ये नेलं. जाताना मला दारात हळूच म्हणाले, "कालची गोळी अजून याच्या रक्तात आहे. ती बाहेर काढणारं कुणीतरी काम करत नाहीये."

ते कुणीतरी म्हणजे मूत्रपिंडं. साखर उतरवणारी त्यांची गोळी जुन्या धाटणीची होती. शरीरातून तिला बाहेर काढायचं काम मूत्रपिंडं करतात. ती मंदावली की गोळी आत साचत जाते आणि साखर उतरत राहते. भूक मरते, माणूस कमी जेवतो, साखर आणखी उतरते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय नियंत्रण आलंय! ज्या आकड्यांवर आम्ही सगळे खूश होतो, तेच आकडे आजाराचे होते.

मूत्रपिंडं बिघडली कशाने, ते संध्याकाळी कळलं. सुमनताई स्लाऊहून आल्या होत्या, मीही लॅबमधून गेले होते. वॉर्डमधल्या डॉक्टरणीने सांगितलं, की घरात ते जे काही घेतात ते सगळं दाखवा. सुमनताईंनी पर्स पलंगावर उपडी केली. मधुमेहाची गोळी, रक्तदाबाची, लघवी साफ होण्याची, आमच्या कॅप्सुलांची बाटली आणि सगळ्यात शेवटी सुपरमार्केटातल्या स्वस्त वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं. बरीच.

"ही कधीपासून?" डॉक्टरणीने विचारलं. मी ते मराठीत विचारलं.

"हे औषध कुठे आहे? ते तं दुकानातलं आहे," सुमनताई म्हणाल्या. "ब्रेडसंगं मिळते. यांचे गुडघे दुखतात ना, चालायला लागल्यापासून."

"चालायला?"

काका पलंगावरून म्हणाले, "रोज ब्लॅक पार्कला एक चक्कर. म्हटलं, प्रयोगात आहोत तर आपल्या बाजूने कसूर नको."

प्रयोगाच्या उत्साहात ते चालायला लागले, चालून गुडघे दुखले, गुडघ्यांसाठी दुकानातली गोळी आली आणि रक्तदाबाच्या व लघवीच्या गोळ्यांच्या जोडीला ती मूत्रपिंडांवर जाऊन बसली. नवीन औषध काही? नो, डॉक्टर. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी औषध म्हणजे जे जीपी, आपला नेहमीचा डॉक्टर, लिहून देतो ते.

नशिबाने वेळेत कळलं. ती गोळी बंद केली, बाकीची बदलली आणि मूत्रपिंडं हळूहळू सावरली. पूर्वीइतकी नाही, पण काम चालवण्याइतकी. अशा प्रसंगी कोड फोडावा लागतो. ओकॉनरनी औषधविभागाला फोन केला. काका पोकळ बाजूला होते.

दोन दिवसांनी मी ओकॉनरबरोबर वॉर्डमध्ये गेले तेव्हा काकांनी सरळ विचारलं, "काय होतं त्यात?"

ओकॉनर सांगणार होते, पण प्रश्न मला विचारला होता. "शेवाळ नव्हतं, काका. लाकडाच्या लगद्याची पूड."

"भुसा."

"शुद्ध केलेला असतो."

"शुद्ध भुसा," काका म्हणाले. मग ते एकदम उठून बसले. "फोन कुठे आहे? देविदासने गोळ्या अर्ध्या केल्यात."

देविदास म्हणजे विहारातले त्यांचे मित्र. काकांचे आकडे ऐकून त्यांनी हिरवा डबा आणला होता आणि जीपीला न विचारता गोळ्या कमी केल्या होत्या. काकांनी पलंगाशेजारच्या फोनवरून त्यांना गाठलं. "अरे, माझ्या पोटात शेवाळ गेलंच नव्हतं. गोळ्या पूर्ववत कर. आज. काहून म्हणजे? मी हॉस्पिटलमधून बोलतोय, म्हणून." मग दुसरा फोन, मग तिसरा. नर्सने येऊन सांगितलं, की आता झोपा. त्यांनी तिला हात जोडले आणि चौथा लावला.

चाचणी पुढे पूर्ण झाली. काचेत दिसलेल्या चांदण्या माणसांच्या पोटात काही फारशा दिसल्या नाहीत आणि साखरेच्या बाबतीत दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या. आमच्या चाचणीपुरतं सांगायचं तर असं. दुसऱ्या कुणाच्या चाचणीत वेगळं निघेलही. कंपनीने आभार मानले आणि त्या निकालात पुन्हा रस दाखवला नाही. हेलननी लिहिलेला लेख दोन ठिकाणांहून परत आला, मग त्यांनीही तो बाजूला ठेवला. काही झालं नाही, हे छापायला कुणाला फारसं नको असतं. मला त्याची अजून चुटपुट आहे. दोन वर्षांचं काम, इतक्या लोकांचं रक्त, इतक्या निळ्या पिशव्या, आणि हिरवा डबा आजही त्याच फळीवर, त्याच दिमाखात उभा आहे.

हे नंतरचं. त्याआधी एप्रिलमध्ये विहारात बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम होता. काकांनी मला मुद्दाम बोलावलं. सुमनताई दारातच भेटल्या. त्यांनी माझा हात धरला. "तू तरी सांग ना यांना. फोन केले ना सगळ्यांना, झालं. आता स्टेजवर चढून भुसा खाल्ला म्हणून काहून सांगायचं? लोक हसतील."

मी काकांकडे गेले. ते बारीक झाले होते, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल होती. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "उभं राहून सांगितलं होतं, तर उभं राहूनच परत घ्यायला पाहिजे. फोनवर नाही."

भाषणं झाली, मुलांची गाणी झाली. मग काका उभे राहिले. जय भीम म्हणाले आणि सगळं सांगितलं. कॅप्सुलांत काय होतं. साखर का उतरली. गुडघ्याची गोळी, ब्रेडसंगं मिळते ती. आपण खरे आकडे सांगितले होते, पण त्यांचा अर्थ चुकीचा लावला. आणि जे बाबासाहेबांनी उभा जन्म सांगितलं, तपासून बघा, ते आपण अर्धंच केलं. तपासलं, पण जे निघावंसं वाटत होतं तेच निघालंय असं धरून चाललो. मध्ये लोक हसलेही. भुशाच्या जागी हसू येणारच. काकांनी हसू दिलं आणि पुढे बोलले.

शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

मागच्या रांगेतून पांढरी साडी नेसलेल्या एक वयस्क बाई उठल्या. नाव पुष्पाताई, मुलाकडे राहायला आलेल्या, हे मला नंतर समजलं. त्यांनी विचारलं, "तो भुसा कुठं मिळतो?"

सभागृहात हशा उसळला. काकाही हसले. "ताई, कुठल्याही फर्निचरच्या कारखान्यात!"

हशा आणखी वाढला. बाई मात्र उभ्याच होत्या. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "मी हसायला नाही विचारलं. मला मधुमेहाच्या गोळीने गरगरतं. पोरगा म्हणतो, घेतलीच पाहिजे. डॉक्टर बोलतो ते मला कळत नाही. रोज पोराच्या समोर गोळी गिळावी लागते. ज्याच्यात काहीच नाही असं काही मिळालं, तर तेच गिळीन, म्हणून विचारलं."

काकांनी माइक टेबलावर ठेवला, पायऱ्या उतरून मागच्या रांगेत गेले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मी जवळच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"गरगरतं कधी? जेवणाच्या आधी की नंतर?"

"आधी. घाम येतो, हात कापतात. पोराला वाटतं, सोंग करते."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"सोंग नाही ते," काका म्हणाले. "तुमची गोळी तुम्हाला जास्त होत असेल. पण ती आपण दोघांनी ठरवायची गोष्ट नाही. गोळी मनाने सोडू नका, आणि गरगरलं की आधी चार घास किंवा साखर तोंडात टाका. उद्या सकाळी मी येतो, आपण तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊ. तुम्ही मराठीत सांगा, मी इंग्रजीत सांगतो. ते काय म्हणतात तेही मी तुम्हाला सांगेन. कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. नुसतं येस येस करायचं नाही."

बाईंनी पदराने तोंड पुसलं. विचार करून म्हणाल्या, "आणि तुम्ही माझे कोण, असं त्यांनी विचारलं तर?"

काकांनी त्यांचा पत्ता लिहून घ्यायला खिशातलं पेन काढलं.

"मीही पेशंट आहे म्हणून सांगीन."